हे ड्रिल नाही

आमच्या शाळेत ड्रिल म्हणजे नेमकं काय, हे फक्त पाच जणांना माहीत होतं. बाकीच्यांना, म्हणजे शिक्षकांना, मुलांना, पालकांना, शिपायांना ते माहीत नसणं हीच तर सगळी व्यवस्था होती. त्या पाचांत मी होते. उपमुख्याध्यापिका म्हणून होते, आणि माझी भाषा चांगली म्हणूनही होते. हे लिहितानासुद्धा माझ्या अंगाचा तिळपापड होतोय, तेव्हा भाषा कुठे घसरली तर घसरू दे.

व्यवस्था अशी. काही वर्षांपूर्वी कुणीतरी फोन करून शाळा उडवून देईन म्हणाला. आम्ही भाबडेपणाने पालकांना खरं ते कळवलं. बघता बघता फाटकाशी ही गर्दी! कुणाची गाडी कुणाच्या पायावर, कुणाचा हात कुणाच्या कॉलरवर, आणि शेवटी निघालं काय, तर परीक्षा टळावी म्हणून एका महाभागाने केलेला चावटपणा. त्यानंतर बऱ्याच पालकांनी मुलांचे दाखले काढून नेले. संस्थेच्या अध्यक्षांनी ते फार मनाला लावून घेतलं. मुलं घाबरली याचं नव्हे, शाळेचं नाव गेलं याचं.

मग त्यांनी एक नियम केला, तोंडीच. यापुढे धमकी आली की तिला ड्रिल म्हणायचं. भोंगा वाजवायचा, माइकवरून ड्रिल आहे असं सांगायचं, मुलांना वर्गात घालून दारं आतून लावायची, पोलिसांना गुपचूप कळवायचं, आणि सगळं निवळलं की संध्याकाळी पालकांच्या मोबाइलवर एक गोड निरोप धाडायचा. हा शब्द बदलायचा अधिकार फक्त अध्यक्षांना. "मुलं सुरक्षित राहतात आणि कुणाच्या काळजाचा ठोकाही चुकत नाही," ते म्हणाले. ऐकायला ते इतकं शहाणपणाचं वाटलं, की मीही मान डोलावली.

तो गोड निरोप माझ्या हातचा. 'आज शाळेत नियोजित सुरक्षा ड्रिल उत्साहात पार पडलं. विद्यार्थ्यांच्या शिस्तीचं कौतुक करावं तेवढं थोडं.' असा निरोप तीनदा गेला. तिन्ही वेळा पालकांनी अंगठे आणि फुलांची चित्रं पाठवली. आमच्या मुख्याध्यापकांनी, ज्यांना आम्ही सगळे मोठे सर म्हणतो, ती फुलं मला मुद्दाम बोलावून दाखवली.

यातली मेख आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात शिरली नाही. तीनदा भोंगा वाजला, तीनदा काही झालं नाही, आणि बाकीचे शिक्षक आपोआप शहाणे झाले. भोंगा वाजला की कुणी दार लावून वह्या तपासायला घेई, कुणी दार न लावताच. खेळाच्या सरांना तर ड्रिलचा मनस्वी राग. सगळी शाळा त्यांना मागून शिट्टी म्हणते. गळ्यातली शिट्टी काढून ते झोपतात की नाही, यावर मुलांच्या पैजा लागतात. त्यांचं म्हणणं, ही ड्रिलं नेमकी माझ्याच तासाला बरी सुचतात.

त्या दिवशी मी मोठ्या सरांच्या खोलीत वेळापत्रकावरून वाद घालत बसले होते. ऑफिसातल्या ताई दार न वाजवताच आत आल्या. त्या कधी असं करत नाहीत. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"सर, फोन आला होता. मागच्या आठवड्यात आपण ज्या मुलाला काढून टाकलं ना, त्याचे वडील. आवाज ओळखला मी, चारदा येऊन भांडून गेलेत. म्हणाले, माझ्या पोराचं वाटोळं केलंत, आता मी निघालोय. आज विनवण्या करायला येत नाही. हातात काय आहे ते आल्यावर बघा, म्हणाले."

"दारू प्यालेले वाटत होते का?" मोठ्या सरांनी विचारलं.

"नाही ना सर! तेच तर. अगदी शांत बोलत होते."

मोठे सर माणूस म्हणून वाईट नाहीत. त्यांनी आधी पोलिसांना फोन लावला, नीट पत्ता सांगितला, नाव सांगितलं, फाटकाला कुलूप घालायला शिपायाला पिटाळलं. इथपर्यंत सगळं बरोबर. मग त्यांनी भोंग्याचं बटण दाबलं, माइक पुढे ओढला, घसा साफ केला आणि स्नेहसंमेलनाला पाहुण्यांचं स्वागत करताना लावतात तो आवाज लावला.

"विद्यार्थी मित्रांनो, आज आपलं नेहमीचं ड्रिल आहे. सर्वांनी शांतपणे आपापल्या वर्गात जावं आणि दारं लावून घ्यावीत. घाबरण्याचं काहीही कारण नाही."

"सर," मी म्हणाले, "हा चावटपणा नाही. हा माणूस खरा आहे, त्याचं भांडण खरं आहे. खरं सांगा ना त्यांना."

"बाई, ठरलंय ते ठरलंय."

मी खिडकीशी गेले. मोठ्या सरांच्या खोलीची खिडकी मैदानावर उघडते. मैदानाच्या पलीकडे तारेचं कुंपण आहे, माझ्या खांद्याइतकं, आणि त्याच्या पलीकडे सरळ रस्ता. फाटकाला कुलूप घालून आम्ही कुणाला अडवणार होतो, देव जाणे. कमरेत जोर असलेला कुणीही माणूस ते कुंपण ओलांडून आला असता.

मैदानावर सहावीच्या दोन तुकड्यांचा व्हॉलीबॉलचा सामना चालू होता. भोंगा त्यांनीही ऐकला होता. दोन-चार मुली थांबून शाळेकडे बघत होत्या. शिट्टींनी आमच्या खिडकीकडे बघून हात वर केला, दोन बोटं दाखवली, आणि पुन्हा शिट्टी फुंकली. दोन गुण राहिलेत, संपवून येतो, असा त्याचा अर्थ. चेंडू जाळीवरून पलीकडे गेला. तो अलीकडे परतवला माझ्या मुलीने.

माझी मुलगी सहावीत आहे. हे मी आधी सांगायला हवं होतं.

मी शिट्टींना मोबाइल लावला. मैदानाच्या कडेला बाकावर त्यांची पिशवी पडलेली दिसत होती आणि मोबाइल त्या पिशवीत. मी पुन्हा लावला. खिडकी उघडून ओरडले. ओरडण्याला तिथे काय किंमत? सगळं मैदानच ओरडत होतं, एक तुकडी दुसरीला हरवायला टेकली होती. शिपाई फाटकावर गेलेला. ताईंना म्हटलं, तुम्ही पळत जाऊन सांगा, तर त्या तिथेच खाली बसल्या, आणि मैदानाला जायचं तर अख्ख्या इमारतीला वळसा घालावा लागतो.

"सर, माइकवर सांगा. ड्रिल नाही म्हणून सांगा. ते सामना संपवतायत!"

"अध्यक्षांना विचारतो," मोठे सर म्हणाले.

माझा कानांवर विश्वास बसला नाही. ते खरंच फोन लावत होते. मोबाइलमध्ये अध्यक्षांचा नंबर शोधत होते. पलीकडे बहुतेक गाणं वाजत होतं, कारण सर फोन कानाला लावून हाताने मला थांबा, थांबा करत होते. एका शब्दासाठी. 'नाही' एवढा एक शब्द म्हणायला त्या माणसाला वरून परवानगी हवी होती, आणि परवानगी देणारा माणूस कुठेतरी मीटिंगमध्ये बसला होता.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. माझी गेली. मी त्यांच्या समोरचा माइक उचलला आणि बटण दाबलं.

"हे ड्रिल नाही. ऐका सगळे. हे ड्रिल नाही, खरा धोका आहे. एक माणूस हत्यार घेऊन शाळेकडे येतोय. वर्गांची दारं आतून लावा, बाकं दाराला लावा. मैदानावरची सगळी मुलं आत्ताच्या आत्ता आत या. चेंडू टाका, दप्तरं टाका, पळा. अहो शिट्टी, आणा त्यांना आत!"

शेवटचं वाक्य सगळ्या शाळेने ऐकलं. पण शिट्टी हलले! त्या माणसाने जी शिट्टी फुंकली ती आयुष्यभराची फुंकली असेल. दोन्ही हात पसरून मुलांना हाकलत ते मागून पळत होते आणि दर चार पावलांनी रस्त्याकडे वळून बघत होते. मुलं जिन्याच्या दाराकडे धावली. त्या दाराची एकच फळी उघडते, दुसरी कायम खिळवलेली. का खिळवलेली आहे ते कुणाला माहीत नाही. सगळी मुलं एकदम त्या फटीत घुसली. एक मुलगी उंबऱ्याला अडखळून पडली आणि तिच्यावर आणखी दोघी पडल्या. तिची किंकाळी वरच्या मजल्यापर्यंत ऐकू आली. शिट्टींनी तिला उचलून आत घेतलं आणि दार ओढलं.

मग इमारतीत असा सन्नाटा पसरला, जसा मी तिथे कधी ऐकला नव्हता. नाहीतर ड्रिल म्हणजे काय, खुसखुस, पेन्सिली पडणं, कुणीतरी मांजराचा आवाज काढणं. आता काही नाही. मोठे सर फोन हातात धरून खुर्चीत बसले होते. अध्यक्षांनी फोन उचललाच नव्हता.

पोलिसांनी त्याला मागच्या गल्लीत पकडलं. गाडीत बसला होता. शेजारच्या सीटवर टॉवेलमध्ये गुंडाळलेला लांब पात्याचा सुरा होता. मागची गल्ली म्हणजे मैदानाच्या कुंपणापलीकडचा तोच रस्ता.

मुलांना बाहेर सोडलं तेव्हा माझी लेक माझ्यापाशी आली. मला वाटलं, बिलगेल. ती तोंड फुगवून म्हणाली, "आई, तू सगळ्यांसमोर सरांना शिट्टी म्हणालीस. आता मी त्यांना तोंड कसं दाखवू?" मी तिला इतकी घट्ट धरली की ती कळवळली. पडलेल्या मुलीचं मनगट मोडलं होतं. ती ऑफिसातल्या बाकावर हात मांडीवर ठेवून बसली होती, आणि रडण्याऐवजी सामना कोण जिंकलं ते विचारत होती.

संध्याकाळी अध्यक्ष आले. इस्त्री केलेला शर्ट, अत्तराचा घमघमाट, चेहऱ्यावर दुःख. मोठ्या सरांच्या खोलीचं दार लावून घेऊन आम्हा दोघांसमोर बसले.

"बाई, तुमच्यावर राग नाही माझा. आई आहात, भावनेच्या भरात झालं. पण झालं ते बरं झालं का? तो माणूस फाटकापर्यंतसुद्धा आला नव्हता. त्याने कुणाला बोट लावलं नाही. जी एक मुलगी जखमी झाली, ती कुणामुळे झाली?"

"एक फळी खिळवून ठेवणाऱ्यामुळे," मी म्हणाले.

"शब्दांत तुम्ही हार जाणार नाही, ठाऊक आहे मला. म्हणून तर म्हणतोय, निरोप तुम्हीच लिहा. नियोजित ड्रिल चालू असताना एका शिक्षिकेच्या गैरसमजातून थोडा गोंधळ झाला, अशा धर्तीवर. तुमच्या हाताला वळण आहे. गोड करून लिहा. उद्या पालकांची सभा घेऊ, तिथे तुम्ही दोन शब्दांत दिलगिरी व्यक्त करा, विषय संपला."

मी मोठ्या सरांकडे पाहिलं. ते टेबलावरचा पेपरवेट फिरवत होते. सकाळी पोलिसांना पत्ता सांगताना त्यांचा आवाज कापला होता, ते मी ऐकलं होतं. त्यांनीही तो सुरा पाहिला होता. आणि आता ते पेपरवेट फिरवत होते!

"माझ्याच हाताने माझ्यावर खापर फोडायचं, आणि तेही गोड करून?" मी म्हणाले. "मी नाही लिहिणार."

"मग दुसरं कुणी लिहील. ते एवढं गोड नसेल," अध्यक्ष म्हणाले. मी उठून घरी गेले. इतकी चीड मला आयुष्यात कधी आली नव्हती, आणि ती कुठे ठेवावी ते कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. निरोप गेला होता, ताईंना बसवून लिहून घेतलेला, त्यात माझा गैरसमज होता. पण पोलिसांची गाडी मागच्या गल्लीत अर्ध्या वस्तीने पाहिली होती, आणि टॉवेलातला सुरा काढताना कुणीतरी फोटोही घेतला होता. अध्यक्षांना हे कुणी सांगितलं नसावं. ते मंचावर उभे राहून 'नियोजित' म्हणाले आणि सभेने त्यांना पुढचा शब्द बोलू दिला नाही.

"कसलं नियोजित? सुरा पण तुम्हीच नियोजित केला होता का?" एक वडील ओरडले.

"याआधीची ड्रिलं पण अशीच होती का? खरं सांगा!"

"बाईंना बोलू द्या. आम्हाला बाईंकडून ऐकायचंय."

मला मंचावर कडेच्या खुर्चीवर बसवलं होतं. अध्यक्षांनी माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. मी उठले आणि सगळं सांगितलं. नियम सांगितला, तीन गोड निरोप सांगितले आणि ते माझ्या हातचे होते हेही सांगितलं. शिट्टींची दोन बोटं सांगितली. शिट्टी मागे भिंतीला टेकून उभे होते, त्यांनी मान खाली घातली. त्यांचं काय चुकलं होतं? त्यांना सांगितलं होतं ड्रिल, ते ड्रिलसारखे वागले. अध्यक्षांचा न उचललेला फोन सांगितला. "तुम्ही तुमची पोरं आमच्या ताब्यात देता," मी म्हणाले, "आणि आम्ही तुम्हाला फुलं पाठवण्याच्याच लायकीचं समजतो. खोटं ऐकून अंगठा दाखवणारे समजतो. लाज वाटली पाहिजे आम्हाला." बोलता बोलता माझा आवाज चढत गेला, आणि चढू दिला मी. कालपासून मनात साठलेलं सगळं बाहेर पडत होतं.

टाळ्या पडल्या. माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती. अध्यक्ष पाणी प्याले. खोटं का बोलू, मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

मग मधल्या रांगेतून एक बाई उभ्या राहिल्या. रुग्णालयातल्या नर्सचा गणवेश तसाच अंगावर, थेट कामावरून आलेल्या. टाळ्या थांबेपर्यंत त्या थांबल्या.

"माझ्या मुलीचं मनगट मोडलंय," त्या म्हणाल्या.

मी म्हणाले, "मी येणारच होते तुम्हाला भेटायला. त्याबद्दल मी..."

"त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. हाड जुळतं. रोज बघते मी. मला एकच विचारायचंय. तुमची मुलगी होती ना त्या मैदानावर?"

"होती."

"ती नसती तर? समजा ती वर दार लावून वर्गात बसली होती, आणि मैदानावर फक्त आमच्या मुली होत्या. तर तुम्ही तो माइक उचलला असता का?"

हो म्हणणं किती सोपं होतं. 'हो' तोंडाशी आलंही होतं, सगळ्या सभेला तेच ऐकायचं होतं, आणि एका टाळीवर आणखी टाळी पडली असती. मी डोळ्यांपुढे पुन्हा त्या खिडकीशी जाऊन उभी राहिले आणि मैदानावरून माझी लेक काढून घेतली. बाकी सगळं तसंच ठेवलं. तोच सामना, तेच कुंपण, तोच रस्ता. मग मी काय करते ते पाहिलं. मी शिट्टींना फोन लावते. पुन्हा लावते. मोठ्या सरांवर चिडते, चांगलीच चिडते. आणि ते फोन कानाला लावून थांबा, थांबा करतात, तेव्हा मी थांबते.

"नाही," मी म्हणाले. "उचलला नसता. मी अध्यक्षांच्या फोनची वाट बघितली असती."

कुणीतरी पुढच्या रांगेत 'अरे देवा' म्हणालं. मघाशी उभी राहिलेली माणसं एकेक करून खाली बसायला लागली. अध्यक्षांच्या चेहऱ्यावर तरतरी आली. ते लगबगीने पुढे झाले, "बघा, मी म्हणत होतो, भावनेच्या भरात..."

"तुम्ही बसा हो," नर्सबाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही, पण ते बसले. मग त्या माझ्याकडे वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता, पण माझ्यासारखा भडकलेला नाही. खूप आधीपासून असलेला, मुरलेला.

"मला वाटलंच होतं. म्हणून विचारलं. तुम्हा पाच जणांना काय ठरवायचं ते तुम्ही आपलं पोर बघून ठरवणार. मग ठरवूच नका ना. फोन आला की आम्हाला सांगायचं, मुलांना सांगायचं, जसाच्या तसा. घाबरायचं की नाही ते आम्ही बघू." त्या पर्स उचलून खांद्याला लावायला लागल्या. "तुमची नसली तरी मैदानावर रोज कुणाची तरी मुलगी असतेच, बाई."

त्या निघून गेल्या. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.